फुंक आणि कंप : दक्षिण कोकणातील पितळी वाद्यांचे वादक

दिवाळीच्या पाडव्याला मालवणच्या रामेश्वर-नारायणाची पालखी नगरप्रदक्षिणेला निघते, महाशिवरात्रीला कुणकेश्वरच्या किनाऱ्यावर गावोगावच्या देवस्वाऱ्या तीर्थस्नानाला येतात, आणि मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यातील ख्रिस्ती वाड्यांवर फेस्ताच्या मिरवणुकीला व लग्नाच्या वरातीला बँड लागतो. अशा प्रसंगी वाजणारी पितळी वाद्ये दोन निरनिराळ्या जगांतून आलेली आहेत. शिंग, तुतारी, कर्णा आणि गोव्याकडे बांको या नावाने ओळखला जाणारा सरळ, लांब कर्णा ही देवळाच्या नौबतीची वाद्ये; तर ट्रम्पेट, कॉर्नेट व युफोनियम ही पलटणीच्या आणि चर्चच्या बँडमधून लग्नाच्या बँडात उतरलेली, आणि उत्तर भारतात मीरतच्या जली कोठी भागात पिढ्यान्‌पिढ्या घडवली जाणारी वाद्ये. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्यांचे कूळ एकच आहे, कारण सनईत जे काम तोंडाशी बसवलेली पत्ती करते, ते या सर्व वाद्यांत वादकाचे स्वतःचे ओठ करतात. ओठांच्या कडा ताणून आतून हवा दाबली की ते सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात, ही उघडझाप नळीतील हवेच्या स्तंभाला हलवते, आणि नळीची लांबी व ओठांचा ताण यांच्या संगनमताने एक विशिष्ट स्वर उमटतो. पितळ हा या कामातला दुय्यम भागीदार आहे. स्वर उत्पन्न करणारा मूळ अवयव हाडामांसाचा असल्यामुळे त्या अवयवाला होणारा प्रत्येक विकार थेट स्वरात उतरतो.

वादकाच्या शरीरात उत्पन्न होणारा कंप, म्हणजे स्नायूंची इच्छेविरुद्ध होणारी आणि ठरावीक लयीत होणारी थरथर, हा अशा विकारांपैकी सर्वांत जास्त दिसणारा आणि सर्वांत कमी बोलला जाणारा विकार आहे. तो समजून घेण्यासाठी फुंकण्याच्या क्रियेत कोणकोणते अवयव गुंतलेले असतात हे आधी पाहावे लागते. छाती व पोट यांच्यामधला श्वासपटल हा स्नायू आणि पोटाचे स्नायू मिळून हवेचा अखंड दाब राखतात. ओठ आणि त्यांच्या भोवतीचे गालांचे व हनुवटीचे स्नायू ओठांची बैठक सांभाळतात, म्हणजे वाद्याच्या मुखाशी ओठ नेमके किती ताणलेले, किती मिटलेले आणि कोणत्या कोनात असावेत हे ठरवतात. जीभ प्रत्येक स्वराचा आरंभ तोडून देते. आणि हात वाद्य उचलून धरतात, ते ओठांवर टेकवतात, व वाद्याला कळा असतील तर बोटे त्या दाबतात. शिंग आणि तुतारी यांना कळा नसतात, त्यामुळे नळीच्या लांबीने ठरवून दिलेले मोजके नैसर्गिक स्वरच त्यांतून निघतात आणि ते बदलण्याचे सारे काम ओठांवर पडते. ट्रम्पेटला तीन कळा असल्याने त्याच्यावर पूर्ण सप्तक वाजते, पण त्यामुळे बोटांच्या हालचालीही नेमक्या असाव्या लागतात.

या रचनेतून एक अनपेक्षित गोष्ट निष्पन्न होते. ज्याचा हात थरथरतो असा शिंगवादक आणि ज्याचा हात तितकाच थरथरतो असा ट्रम्पेटवादक यांची अडचण सारखी नसते. शिंगवादकाची बोटे स्वर घडवत नाहीत, म्हणून त्याला केवळ वाद्याचे मुख ओठांवर स्थिर राहील याची काळजी घ्यावी लागते. ट्रम्पेटवादकाचा डावा हात साधारण एक किलोचे वाद्य पेलत असतो आणि उजव्या हाताची बोटे कळांवर असतात. डावा हात थरथरला की मुखाचा ओठांवरचा दाब कमीजास्त होतो आणि स्वर लाटेसारखा हेलकावतो, उजवा थरथरला की द्रुत लयीतली बोटे चुकतात. हातांऐवजी ओठच थरथरू लागले तर मात्र दोघांची स्थिती सारखीच बिकट होते, किंबहुना शिंगवादकाची अधिक, कारण त्याच्यापाशी ओठांखेरीज दुसरे साधन नाही. कंप कुठे आहे हा प्रश्न म्हणूनच कंप किती आहे या प्रश्नाच्या आधी विचारला गेला पाहिजे, आणि व्यवहारात तो बहुधा विचारला जात नाही. ‘हात थरथरतात, वय झाले’ एवढ्यावर विषय संपतो.

वैद्यकात कंपाचे वर्गीकरण तो केव्हा प्रकट होतो यावरून करतात. अवयव पूर्ण विसावलेला असताना जो येतो तो विश्रामकंप, अवयव गुरुत्वाकर्षणाविरुद्ध एखाद्या स्थितीत धरून ठेवताना येतो तो स्थितिकंप, आणि हालचाल चालू असताना येतो तो क्रियाकंप. पार्किन्सन्स या आजारात, ज्याला मराठीत कंपवात म्हणतात, प्रामुख्याने विश्रामकंप आढळतो; त्याची गती सेकंदाला सुमारे ४ ते ६ आवर्तने असते, तो बहुधा एका बाजूला सुरू होतो, आणि त्याच्या जोडीला हालचालींचा मंदपणा व स्नायूंचा ताठरपणा असतो. इसेन्शियल ट्रेमर या नावाने ओळखला जाणारा दुसरा विकार त्याहून कितीतरी अधिक लोकांना होतो. त्यात दोन्ही हात धरून ठेवताना व काम करताना थरथरतात, गती सेकंदाला ४ ते १२ आवर्तनांपर्यंत असू शकते, कधी मान आणि आवाजही थरथरतो, आणि सुमारे निम्म्या रुग्णांच्या घरात तो आधीच्या पिढीतही असतो. मुंबईच्या पारशी समाजात झालेल्या आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पार्किन्सन्सचे प्रमाण लाखात सुमारे ३२८ आढळले, आणि त्याच संशोधकांना त्याच समाजात इसेन्शियल ट्रेमर त्याच्या अनेक पटींनी अधिक दिसला. तरी बोलीभाषेत दोघांनाही एकच नाव पडते, आणि हात थरथरणारा प्रत्येक वृद्ध कंपवाताचा रोगी समजला जातो.

पालखीच्या वाटेवर या दोन कंपांतला भेद उघड्या डोळ्यांनी दिसू शकतो. पालखी एखाद्या घराच्या दारात ओटी भरण्यासाठी थांबते, वादक वाद्य खाली करून उभा राहतो, आणि अशा वेळी ज्याचा मोकळा लोंबता हात थरथरतो पण शिंग उचलताच शांत होतो, त्याच्याबाबतीत पार्किन्सन्सची शंका घेण्यास जागा असते. उलट, उभा असताना ज्याचा हात निवांत असतो आणि शिंग आकाशाकडे रोखून धरताच जो थरथरू लागतो, त्याला इसेन्शियल ट्रेमर असण्याची शक्यता जास्त. हा ठोकताळा निदानाची जागा घेऊ शकत नाही, कारण पार्किन्सन्समध्येही हात काही सेकंद एका स्थितीत धरला की थांबलेला कंप पुन्हा डोके वर काढतो, आणि लांब स्वर धरताना नेमके हेच घडू शकते. पण डॉक्टरांना जे तपासणीच्या खोलीत रुग्णाकडून मुद्दाम करवून घ्यावे लागते, ते पालखीबरोबर चालणाऱ्या प्रत्येकाच्या समोर घडत असते, एवढे खरे.

या दोहोंशिवाय एक तिसरा गट आहे, आणि तो दुर्लक्षित राहतो कारण तो आजार वाटत नाही. प्रत्येक निरोगी माणसाच्या हातात सूक्ष्म कंप असतोच. भीती, जागरण, उपाशीपण, अतिरिक्त चहा आणि श्रम यांनी तो वाढून दिसू लागतो. जत्रेच्या रात्री या सर्व गोष्टी एकत्र येतात. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली तरी हात थरथरतात, आणि दम्यासाठी ओढल्या जाणाऱ्या साल्ब्युटामॉलनेही थरथरतात; दमट किनाऱ्यावर राहणाऱ्या, फुंकण्याचेच काम करणाऱ्या माणसाला दमा असेल तर औषधाने श्वास मोकळा होतो पण हात कापू लागतो, असा पेच उभा राहतो. दारूचा संबंध याहून गुंतागुंतीचा आहे. इसेन्शियल ट्रेमर असलेल्या अनेकांचा कंप थोड्या मद्याने तासाभरापुरता खरोखर कमी होतो, आणि हे वैद्यकाला मान्य आहे. म्हणून माडीचा पेला घेतल्यावर हात स्थिर होतो असा एखाद्या वादकाचा अनुभव खोटा नसतो. मात्र अंमल उतरल्यावर कंप अधिक जोराने परततो, मात्रा वाढत जाते, आणि बँडवाले व वाजंत्री यांच्याविषयी समाजात जो एक तुच्छतेचा सूर आहे, त्याला आयता पुरावा मिळतो. दारूमुळे हात कापतो की कापणारा हात दारूकडे नेतो याची चौकशी करण्याच्या फंदात तो सूर लावणारे पडत नाहीत.

ओठांचा कंप हा स्वतंत्र विषय आहे. ज्याला पाश्चात्त्य वैद्यक फोकल डिस्टोनिया म्हणते, त्या विकारात वर्षानुवर्षांच्या सूक्ष्म आणि आवर्ती सरावानंतर मेंदूतील हालचालींचे नकाशे एकमेकांत मिसळतात, आणि नेमक्या त्याच क्रियेच्या वेळी स्नायू वेडेवाकडे आकुंचन पावू लागतात. व्यावसायिक वादकांत शंभरात सुमारे एकाला तो होतो असे मानले जाते. फुंकवाद्यांच्या वादकांत तो ओठांच्या बैठकीवर येतो. न्यूयॉर्कचे मज्जाविकारतज्ज्ञ स्टीव्हन फ्रुक्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली अशा २६ व्यावसायिक वादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींचे ओठ थरथरत, काहींचा ओठ एका बाजूला ओढला जाई, काहींचा जबडा आपोआप मिटे; अनेकांत तो आरंभी स्वरांच्या एका विशिष्ट पट्टीतच जाणवे; आणि बोलताना, जेवताना किंवा हसताना बहुतेकांना काहीच त्रास होत नसे. या अखेरच्या लक्षणामुळेच असा वादक खोटे बोलतो आहे, घाबरला आहे किंवा रियाजात कमी पडला आहे असे इतरांना वाटते, आणि तो स्वतःही तसेच समजून रियाज दुप्पट करतो, जे नेमके करू नये ते करतो. लग्नसराईत दिवसाला अनेक तास उंच पट्टीत वाजवणाऱ्या ट्रम्पेटवादकाला या विकाराचा धोका देवळात मोजके फुंकणाऱ्या शिंगवादकापेक्षा अधिक संभवतो. त्यातच दात पडणे, कवळी सैल होणे आणि पान-तंबाखू-सुपारीने तोंडाच्या आतील त्वचा ताठ होऊन जबडा कमी उघडणे या कोकणात नित्य आढळणाऱ्या गोष्टी ओठांची बैठक मोडतात; त्या कंप नव्हेत, पण वादकाला त्यांचा परिणाम कंपासारखाच ऐकू येतो.

ऐकणाऱ्याच्या बाजूनेही एक घोटाळा होतो. पाश्चात्त्य वादनात स्वराला मुद्दाम दिलेले हेलकावे, म्हणजे व्हायब्राटो, साधारण सेकंदाला ५ ते ७ वेळा होतात, आणि व्याधीचा कंपही त्याच परिसरात वावरतो. त्यामुळे आरंभीच्या काळात श्रोते कंपाला कौशल्य समजून दाद देतात. वादकाला मात्र दोहोंतला फरक पहिल्या दिवसापासून ठाऊक असतो, कारण कौशल्याचा हेलकावा हवा तेव्हा थांबवता येतो.

कंपाची नोंद भारतीय वैद्यकात जुनी आहे. माधवनिदानात तो वेपथू या नावाने वातविकारांत येतो. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी आपला निबंध १८१७ साली प्रसिद्ध केला आणि पुढे आजाराला त्यांचे नाव मिळाले. पण सिंधुदुर्गाच्या दृष्टीने या इतिहासातला महत्त्वाचा धागा एका वेलीचा आहे. पावसाळ्यानंतर कोकणात कुंपणांवर आणि रानाच्या कडेला चढलेली, मखमली लव असलेल्या शेंगांची खाजकुयली सर्वांच्या परिचयाची आहे, आणि तिच्या कुसांनी अंगाला सुटणारी खाज त्याहून अधिक. आयुर्वेदात तिला कपिकच्छू म्हणतात. तिच्या बियांतून लेव्होडोपा हे द्रव्य वेगळे काढल्याची नोंद दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९३७ साली ‘बायोकेमिकल जर्नल’मध्ये केली. त्या वेळी या द्रव्याचा कंपवाताशी संबंध कोणाला ठाऊक नव्हता. मेंदूत डोपामिन हे संदेशवाहक रसायन असते आणि त्याच्या अभावाने हालचाली मंदावतात हे स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवले, ज्याबद्दल त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६१ मध्ये व्हिएन्नात रुग्णांना लेव्होडोपा टोचून पाहिले गेले, आणि १९६७ मध्ये जॉर्ज कॉत्सियास यांनी तोंडावाटे मोठ्या मात्रेत ते देऊन त्याचा उपयोग सिद्ध केला. म्हणजे जगभर आज कंपवाताचे मुख्य औषध असलेले द्रव्य मालवणच्या कुंपणावर आधीपासून होते. २००४ साली लंडनमध्ये आठ रुग्णांवर झालेल्या एका नियंत्रित चाचणीत खाजकुयलीच्या बियांच्या चूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि जास्त वेळ टिकला, असेही आढळले.

या माहितीचा अभिमान बाळगायला हरकत नाही, पण तिचा उपयोग सावधपणेच करावा लागतो. बियांतील लेव्होडोपाचे प्रमाण वेलीगणिक बदलते, त्यामुळे घरी कुटलेल्या चूर्णाची मात्रा ठरत नाही. ज्याला आधीच गोळ्या चालू आहेत त्याने ते वरून घेतले तर हातपाय आपोआप वळवळू लागतात, ओकाऱ्या होतात, रक्तदाब उतरतो. आणि मुख्य म्हणजे लेव्होडोपा पार्किन्सन्सवर गुणकारी आहे. इसेन्शियल ट्रेमरवर किंवा ओठांच्या डिस्टोनियावर खाजकुयलीचा उपयोग होत नाही. शिंग उचलल्यावर ज्याचा हात थरथरतो, त्याला शेजाऱ्याने प्रेमाने दिलेल्या पुडीतून बहुधा काहीच मिळणार नाही, आणि मग तो आयुर्वेदाला तरी दोष देतो किंवा नशिबाला.

औषधांचा विचार पितळी वाद्याच्या वादकासाठी वेगळा करावा लागतो, कारण सामान्य रुग्णाला किरकोळ वाटणारा दुष्परिणाम त्याच्या धंद्याच्या मुळावर येऊ शकतो. कंपवातावर भारतात स्वस्त आणि सर्रास मिळणारे ट्रायहेक्सिफेनिडिल कंप कमी करते, पण तोंड कोरडे पाडते, आणि कोरड्या ओठांनी पितळी वाद्य वाजत नाही. वृद्धांत ते विस्मरण व भ्रमही आणते. लेव्होडोपाची गोळी पोटातील प्रथिनांशी स्पर्धा करत रक्तात जाते, म्हणून ती जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी असा सल्ला दिला जातो. भात-माशांचे जेवण किंवा उसळ-डाळीचा महाप्रसाद झाल्यावर लगेच घेतलेली गोळी मिरवणुकीच्या ऐन वेळी दगा देण्याची शक्यता राहते. आजार जुना झाला की गोळीचा अंमल असलेले आणि नसलेले तास स्पष्ट वेगळे पडतात, आणि अशा वादकाने पालखी निघण्याची वेळ डॉक्टरांना सांगून मात्रांची वेळ त्याप्रमाणे बसवून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

इसेन्शियल ट्रेमरसाठी प्रोप्रॅनोलॉल हे औषध प्रथम वापरले जाते. स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी हृदयविकारासाठी ते १९६० च्या दशकात घडवले. अ‍ॅड्रिनलिनचा स्नायूंवरील परिणाम ते रोखते, म्हणून मंचावरच्या भीतीने होणारा कंपही त्याने आटोक्यात येतो. अमेरिकेतील ऑर्केस्ट्रांच्या वादकांची १९८७ साली पाहणी झाली तेव्हा २७ टक्के वादकांनी या वर्गातील औषधे वापरल्याचे सांगितले, आणि त्यांतील बऱ्याच जणांनी ती डॉक्टरी सल्ल्याविना घेतली होती. दमा असलेल्या माणसाला मात्र ही गोळी श्वासनलिका आवळून जिवावर बेतू शकते, आणि फुंकवाद्याच्या वादकाने ती सहकाऱ्याकडून मागून घेणे याच्याइतकी अविचाराची गोष्ट दुसरी नाही. बोटुलिनम या द्रव्याच्या टोचणीने अतिरिक्त आकुंचन पावणारा स्नायू शिथिल करतात. हाताच्या विकारात ती काही वेळा उपयोगी पडते, पण ओठांत दिली तर ज्या स्नायूंनी स्वर धरायचा तेच दुबळे होतात, त्यामुळे पितळी वाद्यांच्या वादकांना तिचा फारसा फायदा होत नाही.

शस्त्रक्रियेने मेंदूत तारा बसवून विजेच्या सूक्ष्म स्पंदांनी कंप थांबवण्याची पद्धत ग्रेनोब्ल येथील आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ पासून विकसित केली. मिनेसोटा ऑर्केस्ट्राचे व्हायोलिनवादक रॉजर फ्रिश यांनी इसेन्शियल ट्रेमरवरील अशा शस्त्रक्रियेच्या वेळी जागेपणी व्हायोलिन वाजवले, म्हणजे तार योग्य जागी पोचली की नाही हे हाताच्या स्थिरतेवरून डॉक्टरांना कळावे. २०१७ साली बंगळुरूत बोटांच्या डिस्टोनियाने त्रस्त असलेल्या एका गिटारवादकाने शस्त्रक्रिया चालू असताना गिटार वाजवल्याचे वृत्त मराठी वृत्तपत्रांतूनही आले होते. डोक्याला चौकट आवळलेल्या अवस्थेत तुतारी फुंकणे अवघड आहे, कारण फुंकताना डोक्यातील रक्ताचा दाब वाढतो. तंतुवादकांना लाभलेली ही सोय फुंकवाद्यांच्या वाट्याला तितक्या सहज येत नाही.

औषधांच्या अलीकडे साध्या उपायांचा मोठा प्रदेश आहे आणि तो अधिक आशादायक आहे. हाताचा कंप वाद्यात उतरू नये यासाठी कोपर बरगडीला टेकवणे, खांद्यावरून पट्टा घेऊन वाद्याचा भार हातांवरून काढणे, किंवा वाद्याला खालून दांडीचा टेकू देणे यांनी मुखाचा दाब स्थिर राहतो; असा टेकू करणे कोणत्याही सुताराच्या आटोक्यातले आहे. ट्रम्पेटच्या लहान मुखावर ओठ थरथरणाऱ्याला युफोनियमच्या रुंद मुखावर कधी कधी त्रास होत नाही, कारण डिस्टोनिया अतिशय विशिष्ट क्रियेला चिकटलेला असतो. वाद्य बदलणे हा पराभव मानण्याचे कारण नाही. पार्किन्सन्सच्या रुग्णांत श्वास बाहेर टाकण्याचे स्नायू दुबळे होतात, खोकला क्षीण होतो व गिळताना ठसका लागतो. अडथळ्याविरुद्ध जोराने फुंकण्याच्या नियमित व्यायामाने गिळणे अधिक सुरक्षित होते, असे ६० रुग्णांवरील आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत दिसले. शिंगवादक तोच व्यायाम वेगळ्या नावाने आयुष्यभर करत आलेला असतो. आजाराचे नाव कळताच ‘आता फुंकू नका’ असा जो सल्ला घरचे काळजीपोटी देतात, तो म्हणूनच सरसकट पाळण्याजोगा नाही. हर्निया, काचबिंदू किंवा हृदयविकार असेल तर गोष्ट वेगळी.

सीमेपलीकडच्या गोव्यात या विषयाचे एक ठळक उदाहरण आहे. मडगावच्या बोर्डा भागात १९२८ साली जन्मलेले ख्रिस्तोवाव परेरा, म्हणजेच ख्रिस पेरी, हे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवत. मुंबईच्या नाइटक्लबांत बँड चालवून आणि गायिका लॉर्ना यांच्या आवाजात कोंकणी गीते ध्वनिमुद्रित करून त्यांनी जी कीर्ती मिळवली, ती मालवणी मुलखातही पोचली, कारण ती भाषा इथे परकी नाही. ‘भुयारांतलो मुनिस’ हा १९७७ चा कोंकणी चित्रपटही त्यांचाच. अखेरच्या वर्षांत त्यांना पार्किन्सन्सने गाठले, आणि जानेवारी २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. मराठी वाचकाला त्याच काळातले पु. ल. देशपांडे आठवतील, ज्यांची पेटीवर सहज फिरणारी बोटे याच आजाराने थांबली. दोघांच्याही बाबतीत लोकांना आजाराचे नाव कळले, पण असा कलावंत दिवसाचे तास कसे वाटून घेतो, कोणते वाजवणे सोडतो आणि कोणते शेवटपर्यंत धरून ठेवतो, याविषयीचे लेखन मराठीत जवळजवळ नाही. गुणगौरव आणि श्रद्धांजली या दोन प्रकारांत आपले कलावंतांविषयीचे बरेचसे लेखन संपते.

प्रसिद्ध कलावंताच्या पाठीशी निदान नाव असते. देवळाच्या शिंगवादकाच्या पाठीशी असतो तो मान. दक्षिण कोकणातील गावऱ्हाटीत, म्हणजे ग्रामदेवतेभोवती गुंफलेल्या हक्क व कर्तव्यांच्या व्यवस्थेत, प्रत्येक सेवा ठरलेल्या घराण्यांकडे चालत आलेली असते, आणि वाद्याची सेवाही त्याला अपवाद नाही. सेवा चुकली तर मान जाईल या धास्तीने थरथरणारा वादक आजार लपवतो; आणि लपवण्याचा ताण अ‍ॅड्रिनलिन वाढवून कंपच वाढवतो, हे या व्यवस्थेतले दुष्टचक्र आहे. बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याची भीती वेगळ्या नावाची पण त्याच जातीची असते, कारण हंगामात ज्याचा स्वर फाटतो त्याला पुढच्या हंगामात बोलावणे येत नाही. एरवी गावऱ्हाटीवर टीका करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि जन्माने ठरणारी सेवा हा त्यातला पहिला मुद्दा. तरीही नौबतीच्या परंपरेत या अडचणीवरचा एक उपाय मुळातच आहे. अबुल फझलने ‘ऐन-इ-अकबरी’त नक्कारखान्यातील वाद्यांची नोंद करताना शिंगे दोन मिळून फुंकली जातात आणि कर्णे चारांहून कमी कधी वाजवत नाहीत, असे लिहिले आहे. जोडीने फुंकण्याचा एक उघड लाभ असा की एकाचा श्वास संपतो तिथे दुसऱ्याचा स्वर चालू असतो, आणि एकाचा स्वर डळमळला तर दुसऱ्याच्या स्वरात तो झाकला जातो. दोन शिंगांच्या सेवेत एक शिंग जाणत्याचे आणि दुसरे शिकणाऱ्याचे असे ठरवले, तर मान त्या घराकडेच राहतो, देवाची सेवा अखंड राहते, थकलेल्याने दोन-चार आरोळ्या देऊन थांबावे यात कमीपणा उरत नाही, आणि पोराला ओठांची बैठक शेजारी उभे राहून शिकता येते. आज खर्च वाचवण्यासाठी एकाच वादकावर अख्खी मिरवणूक निभावण्याची जी पद्धत पडत चालली आहे, तिने हा आधार काढून घेतला आहे. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर छायाचित्रे वाढवण्यासाठी पैसे असतात. दुसऱ्या शिंगासाठी नसतात.

उपचारासाठी सिंधुदुर्गातील माणूस पूर्वापार बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची किंवा कोल्हापूर-मुंबईची वाट धरत आला आहे. जिल्ह्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ साली सुरू झाले. मुंबईत २००१ पासून काम करणारी पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांच्या आधारगटांतून व्यायाम, वाचा आणि आहार यांविषयी मराठीत मार्गदर्शन करतात. तपासणीच्या वेळी डॉक्टर रुग्णाला कागदावर गोल-गोल रेघ ओढायला, पेल्यातले पाणी दुसऱ्या पेल्यात ओतायला आणि हात समोर धरायला सांगतात, आणि त्यावरून कंपाचा प्रकार ठरवतात. ज्याचा कंप केवळ फुंकतानाच येतो, त्याची रेघ न थरथरता येते आणि पाणी सांडत नाही. अशा वादकाने जुन्या केसपेपरांच्या आणि घेत असलेल्या सर्व औषधांच्या, खाजकुयलीच्या पुडीसह, जोडीने शिंग किंवा ट्रम्पेटही घेऊन जावे आणि डॉक्टरांसमोर वाजवून दाखवावे. ओपीडीच्या गर्दीत ते संकोचाचे वाटत असेल, तर मिरवणुकीत वाजवतानाचे चित्रण मोबाइलवर करून न्यावे, आणि त्यात चेहरा, ओठ व दोन्ही हात जवळून दिसतील, शिवाय वाद्य खाली ठेवून उभे असतानाचाही थोडा भाग असेल, याची काळजी घ्यावी.